आधी तुम्ही एकट्या जा

पत्र:

'ड्यून' ही वाळवंटी ग्रहावरची विज्ञानकादंबरी मी कॉलेजात असताना वाचली आणि मग पुन्हा पुन्हा वाचत राहिले. तिच्यावरचा नवा सिनेमा आला तेव्हा पहिला भाग आम्ही घरीच टीव्हीवर पाहिला. मी सारखी थांबवून समजावत होते: हा कोण, ती कोण, पुस्तकात इथे काय आहे. चौदा वर्षांचा मुलगा मध्येच उठून गेला. हे मोबाइल बघत बसले आणि शेवटी म्हणाले, "कळलं काहीच नाही, पण वाळू छान आहे." मी इतकी चिडले की दुसरा भाग आजतागायत पाहिलेला नाही. आता तिसरा येणार म्हणतात. तो तरी सगळ्यांनी मिळून थिएटरात बघावा अशी माझी फार इच्छा आहे. ह्यांचं म्हणणं, थोडं थांबलं की घरी येतोच, मग एवढा मोठा टीव्ही घेतलाय कशाला? मी हट्ट धरू का? आणि मला या पुस्तकाचं जे वेड आहे, ते या दोघांना थोडं तरी कसं लावू?

एक पुस्तकवेडी

उत्तर:

नमस्कार ताई,

हट्ट धरू नका. थिएटरात तुम्ही जा, एकट्या जा, नाहीतर पुस्तक वाचलेली एखादी मैत्रीण असेल तर तिला घेऊन जा. नवऱ्याला आणि मुलाला सिनेमा घरीच दाखवा, नंतर, निवांत.

हे तुम्हाला उलटं वाटेल, कारण पुस्तकाचे भक्त सहसा नेमकं याच्या विरुद्ध करतात. त्यांचा हिशोब असा असतो की आपल्याला कथा पाठ आहे, तेव्हा आपलं घरच्या पडद्यावरही भागेल; ज्यांनी वाचलेलं नाही त्यांना मात्र भव्य पडद्यापुढे बसवलं की ते आपोआप भारावतील. माझ्या मते थिएटरचा खरा फायदा वाचलेल्यालाच होतो आणि घराचा फायदा न वाचलेल्याला.

न वाचलेला माणूस थिएटरात बसला की काय होतं बघा. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात त्याच्या कानावर आट्रायडीझ, हार्कोनन, बेने गेसेरिट, क्विसात्झ हॅडरॅक, लिसान अल-गैब ही घराण्यांची, पंथांची आणि तारणहारांची नावं येऊन आदळतात. थांबवता येत नाही, मागे जाता येत नाही, शेजारच्याला विचारलं तर पुढच्या रांगेतून मान वळते. या अडचणीचा इतिहास जुना आहे. 1984 साली डेव्हिड लिंचनं याच कादंबरीवर सिनेमा केला, तेव्हा काही थिएटरांत प्रेक्षकांच्या हातात अवघड शब्दांच्या अर्थांचा छापील कागद दिला गेला होता. दिवे मालवल्यावर तो वाचायचा कसा, याचा विचार कुणी केला होता कोण जाणे! कादंबरीचा लेखक फ्रँक हर्बर्टनं स्वतः पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची जोडली आहे, म्हणजे ही गोष्ट अडखळत वाचली जाणार हे लेखकालाही ठाऊक होतं. तुमच्या मिस्टरांना काही कळलं नाही यात त्यांचा दोष तसा थोडाच आहे.

तुमचं तसं नाही. कोण कुणाचा वैरी, त्या ग्रहावरचा अमूल्य मसाला कशासाठी लागतो, त्या पेटीत हात का घालायचा, हे तुम्हाला सांगावं लागत नाही. कथा समजून घेण्याचं काम आधीच झालेलं असल्यामुळे तुमचे डोळे-कान मोकळे असतात, आणि मोठ्या पडद्याला असाच प्रेक्षक लागतो.

पेटीचा प्रसंगच घ्या. पुस्तकात कथानायक पॉलची परीक्षा चाललीय: त्याचा हात वेदना देणाऱ्या पेटीत आहे, मानेशी विषारी सुई आहे आणि भीतीला सामोरं जाण्याचा तो मंत्र पॉल स्वतःच्या मनात म्हणतो. नव्या सिनेमाचा दिग्दर्शक डेनी विल्नव्ह याच्या सिनेमात तो मंत्र आपल्याला बंद दाराबाहेर उभ्या असलेल्या त्याच्या आईच्या, जेसिकाच्या तोंडून ऐकू येतो. आत मुलगा न ओरडता वेदना सोसतोय आणि बाहेर आई पुटपुटतेय. कादंबरीत पानोपानी तिरप्या अक्षरांत मनातले विचार छापलेले आहेत. लिंचनं ते कुजबुजत्या निवेदनातून ऐकवले आणि त्याबद्दल भरपूर टीका सोसली. विल्नव्हनं ते जवळजवळ सगळे काढले आणि अशा ठिकाणी अभिनेत्यांच्या चेहऱ्यावर सोपवले. टीव्हीवर, दिवाणखान्याच्या उजेडात, शेजारी कुणी मोबाइल चाळत असताना ते पुटपुटणं आणि तो चेहरा दोन्ही हातातून निसटतात. थिएटरात जेसिकाचा ओठ थरथरला तरी भिंतभर दिसतो. आणि पुस्तकातलं मूळ वाक्य कुणाचं होतं हे तुम्हाला माहीत असल्यामुळे तो बदल तुम्हाला तिथल्या तिथे कळतो. तुमच्या नवऱ्याला, कितीही मोठा पडदा दिला तरी, तो कळणार नाही.

मसाला गोळा करणारं ते अजस्र यंत्र वाळूचा किडा गिळतो, तो प्रसंगही असाच. तिथली सगळी मजा प्रमाणात आहे: माणसं मुंगीएवढी, यंत्र इमारतीएवढं आणि त्या यंत्राभोवती उघडणारं तोंड त्याहून कितीतरी मोठं. आता घरचा हिशोब करू. 55 इंची टीव्हीची रुंदी साधारण 122 सेंटिमीटर. हा सिनेमा घरी 2.39 ला 1 (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) अशा लांबट चौकटीत दिसतो, म्हणजे वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि चित्राला उंची उरते जेमतेम 51 सेंटिमीटर. टीव्हीचा चौथा हिस्सा काळाच. ज्या दृश्यात माणूस चित्राच्या उंचीच्या शंभराव्या भागाएवढा असेल, तिथे तो तुमच्या टीव्हीवर पाच मिलिमीटरचा होतो. उलट आयमॅक्सच्या, म्हणजे नेहमीपेक्षा उंच आणि मोठ्या पडद्यावर पहिल्या भागातली तासाभराहून अधिक दृश्यं उंच चौकटीत दिसली. 1.90 ला 1 या पडद्यावर तेवढ्याच रुंदीत सुमारे 26 टक्के चित्र जास्त दिसतं आणि जगात मोजक्याच ठिकाणी असलेल्या 1.43 ला 1 या पडद्यावर सुमारे 67 टक्के. हे जास्तीचं चित्र म्हणजे बहुतेक वेळा आकाश आणि वाळू, दुसरं काही नाही. पण या गोष्टीत आकाश आणि वाळू म्हणजे निम्मं कथानक आहे.

मग आवाज. चपट्या टीव्हीचे स्पीकर इवलेसे असतात आणि ते बहुतेक वेळा मागे किंवा खाली तोंड करून बसवलेले असतात. शंभर हर्ट्झच्या खालचा खर्ज त्यांतून नावापुरताच येतो. किड्याची चाहूल, किड्याला बोलावण्यासाठी वाळूत ठोके देणारा तो दांडा, बेने गेसेरिट पंथातल्या बायकांचा हुकमी 'आवाज', हान्स झिमरच्या संगीतातला खालचा थर, हे सगळं नेमकं त्या खर्जात आहे. थिएटरात तो आवाज छातीत जाणवतो. पहिल्या भागाला मिळालेल्या सहा ऑस्करांत ध्वनी आणि संगीत ही दोन्ही होती, आणि घरी पाहणाऱ्यांना नेमक्या याच दोन गोष्टी सगळ्यात कमी मिळतात.

तुमच्या मिस्टरांची बाजूही ऐकायला हवी. सिनेमा लवकरच घरी येतो हे त्यांचं म्हणणं खरं आहे. 2021 साली अमेरिकेत पहिला भाग 22 ऑक्टोबरला थिएटरात आणि एचबीओ मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेवर एकाच दिवशी आला. निर्मात्या कंपनीचा हा निर्णय आधीच्या डिसेंबरात जाहीर झाला, तेव्हा विल्नव्हनं त्यावर उघड पत्र लिहून राग व्यक्त केला होता. पुढे एका मुलाखतीत तो म्हणाला की 'ड्यून' टीव्हीवर बघणं म्हणजे स्पीडबोट न्हाणीघरातल्या टबात चालवण्यासारखं आहे. दुसरा भाग 1 मार्च 2024 ला थिएटरात लागला आणि दीडेक महिन्यातच तिकडे घरबसल्या भाड्यानं मिळू लागला. तेव्हा थांबणाऱ्याचं फारसं काही बिघडत नाही. आणि टबाचा तो टोमणा मला अर्धाच पटतो. दिग्दर्शकाला आपली बोट पूर्ण वेगात पळताना दिसायला हवी असते. पण ज्याला बोटीचं इंजिन कसं चालतं हेच माहीत नाही, त्याच्यासाठी टब वाईट नाही.

आता तुमचा क्रम. दुसरा भाग पाहिल्याशिवाय तिसऱ्याला जाऊ नका, पुस्तक कितीही पाठ असलं तरी. पुस्तकात मध्ये दोन वर्षं जातात. सिनेमानं तो काळ आवळून काही महिन्यांवर आणलाय, आणि त्यामुळे पुस्तकातली एक महत्त्वाची छोटी व्यक्ती वेगळ्याच रूपात येते. पॉलची प्रेयसी चॅनी तर पुस्तकातली राहिलेलीच नाही. याहून जास्त सांगत नाही. नवा भाग येण्याआधी जुने भाग कधी कधी मोठ्या पडद्यावर पुन्हा लागतात. 2024 साली दुसऱ्याच्या आधी पहिला आयमॅक्सवर असाच परत आला होता. तेव्हा लक्ष ठेवा. नाहीच लागला तर घरी बघा, पण एकट्या, रात्री, दिवे घालवून आणि बरे हेडफोन लावून. चिडून न पाहिलेला सिनेमा आहे तो. त्याला एवढा मान द्यायला हरकत नाही.

थिएटरात जागा मधल्या रांगांच्या थोडी मागे आणि बरोबर मध्यावर घ्या. आयमॅक्समध्ये अगदी पुढची रांग मिळत असेल तर त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी जा. आवाज मोठा असतो, कान नाजूक असतील तर कापसाऐवजी चांगले इअरप्लग न्या. त्यांनी आवाज कमी होतो, पण संवाद कळतात. दुसरा भाग 166 मिनिटांचा होता, म्हणून पाणी जरा बेतानंच प्या. बाकी काही तयारी लागत नाही. पुस्तक आदल्या रात्री पुन्हा चाळू मात्र नका. ताजं वाचून गेलेला माणूस पडद्यावर पानं शोधत बसतो. आट्रायडीझांच्या, म्हणजे पॉलच्या घराण्यातली ती मेजवानी, जिथे प्रत्येक वाक्याखाली सुरी लपवलेली आहे, ती माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात चांगल्या प्रकरणांपैकी एक, आणि या सिनेमात ती नाहीच. तिच्यासाठी हळहळायचं ते घरी येऊन हळहळा.

(तुम्हाला ती मेजवानी पडद्यावर बघायचीच असेल तर 2000 सालची तीन भागांची टीव्ही मालिका शोधा. तिचं वाळवंट रंगवलेल्या पडद्यांचं आहे आणि ते लपतही नाही, पण संवादांना वेळ दिलाय, आणि ती मुळात घरच्या पडद्यासाठीच केलेली होती. पुस्तकाच्या माणसाला ती आवडते, बाकीच्यांना नाटक बघितल्यासारखं वाटतं. मिस्टरांना दाखवू नका.)

आता घरच्यांचं. पहिला भाग पुन्हा, पहिल्यापासून लावायचा. त्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. बहुतेक टीव्ही हालचाल गुळगुळीत करण्यासाठी मधली चित्रं स्वतःच्या मनानं भरतात. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींचा असतो. टीव्ही त्यात भर घालतो आणि कोट्यवधींचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. प्रत्येक कंपनीनं त्या सोयीला वेगळं नाव दिलंय, पण 'मोशन' हा शब्द दिसला की ती बंद करायची. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावा, एका बटणात काम होतं. 55 इंचाचा टीव्ही असेल तर सोफा पावणेदोन ते सव्वादोन मीटरवर ओढा. बहुतेक घरांत तो भिंतीला टेकलेला असतो आणि मग लोक टीव्ही लहान आहे म्हणतात. दिवे बंद करा. साउंडबार असेल तर उत्तम.

वाळू छान दिसली असं ते म्हणाले होते ना? त्याला एक कारण आहे. छायालेखक ग्रेग फ्रेझर यांनी हा सिनेमा डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित केला, मग तो खऱ्या फिल्मवर उतरवला आणि ती फिल्म पुन्हा स्कॅन केली, म्हणजे डिजिटलची धार जाऊन चित्राला मऊपणा येईल. हा मऊपणा आणि हवेतली धूळ या दोन्ही गोष्टी स्ट्रीमिंगच्या दाबलेल्या चित्रात आधी बिघडतात: धुळीचे चौकोन दिसतात, अंधारात पट्टे उमटतात. फोर-के स्ट्रीमिंगचा वेग सर्वसाधारणपणे सेकंदाला पंधरा-वीस मेगाबिटांच्या आसपास असतो. फोर-के ब्लू-रे डिस्कवर तो शंभराच्याही वर जाऊ शकतो. प्लेअर असेल, कुणाकडून डिस्क मिळत असेल, तर तीच लावा. नसेल तर निदान त्या वेळी घरात दुसऱ्या कुणी काही डाउनलोड करू नये एवढं बघा.

सबटायटल्स लावायचीच. तुम्हाला ती नकोशी वाटतील, पण क्विसात्झ हॅडरॅक हे नुसतं कानांनी पकडता येत नाही. नाव डोळ्यांसमोर लिहिलेलं दिसलं की ते पुढच्या वेळी ओळखू येतं, आणि मुलानं एकदा नावं ओळखली की तो कथेत शिरतो.

सिनेमा एका बैठकीत संपवायचा नाही. पहिला भाग 155 मिनिटांचा आहे. हल्ल्याची रात्र उलटून पॉल आणि जेसिका वाळवंटातल्या तंबूत पोचतात, तिथे थांबवा. हर्बर्टनंही कादंबरीच्या तीन खंडांपैकी पहिला खंड त्याच तंबूत संपवलाय. दोघंही "मग पुढे?" म्हणाले तर दुसऱ्या दिवशी लावा, नाही म्हणाले तर विषय काढू नका.

आता सगळ्यात अवघड भाग. तुम्ही बोलायचं नाही. रिमोट मुलाच्या हातात द्या. थांबवण्याचा हक्क त्याचा आणि मिस्टरांचा, तुमचा नाही. त्यांनी विचारलं तर उत्तर द्या, एका वाक्यात. "हा कोण?" "डॉक्टर, घरचाच माणूस." संपलं. त्या डॉक्टरबद्दल पुस्तक आपल्याला सुरुवातीलाच काय सांगून टाकतं, हर्बर्टनं ते रहस्य मुद्दाम का फोडलं, हे सगळं तुमच्या जिभेवर येईल. गिळा. मागच्या वेळी मुलगा सिनेमाला कंटाळून उठला असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं तो टिपणांना कंटाळला. पडद्यावरचं कोडं सोडवण्याआधीच कुणी उत्तर सांगत असेल तर चौदा वर्षांचं कुणीही उठून जाईल.

आणि पॉलला तो हिरो मानायला लागला, त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लागला, तर वाजवू दे. हर्बर्टला पॉलच्या गोष्टीतून अशा तारणहारांबद्दल इशारा द्यायचा होता, पण वाचकांनी त्याला नायकच करून टाकलं, आणि म्हणून 1969 साली त्यानं 'ड्यून मसाया' लिहिली, असं विल्नव्हनं मुलाखतींमध्ये अनेकदा सांगितलंय. तिसरा भाग त्याच पुस्तकावर बेतलेला आहे. तुमच्या मुलाला तो धक्का बसायचा असेल तर आधी त्यानं पॉलवर मनापासून विश्वास ठेवायला हवा. तुम्ही आजच "तो तसा चांगला नाहीये बरं का" म्हणून ठेवलंत तर त्याच्यासाठी तिसऱ्या भागात काही उरणारच नाही.

हे सगळं करूनही मिस्टरांना सिनेमा आवडला नाही तर? तर नाही आवडला. ज्या माणसाला अवकाश, घराणी, भविष्यवाण्या यांत रस नाही, त्याला दोन्ही भाग दाखवून तो लावता येत नाही, आणि लावायचं कारणही नाही. तुम्ही थिएटरातून परत आल्यावर त्यांनी "कसा होता?" विचारलं आणि पाच मिनिटं ऐकून घेतलं, तर ते पुष्कळ झालं. मुलाचं मात्र सांगता येत नाही. दोन्ही भाग घरी पाहून त्यानं आपणहून विचारलं की तिसरा कधी लागतोय, तर त्याला खुशाल थिएटरात न्या. तोवर त्यालाही नावं पाठ झालेली असतील, आणि तेव्हा तुम्ही दुसऱ्यांदा बघाल, त्यामुळे गप्प बसणंही सोपं जाईल.

पुस्तक त्याच्या हातात इतक्यात देऊ नका. कपाटात दिसेल असं ठेवा. मागितलं तर सुरुवातीलाच सांगा की पहिली पन्नासेक पानं जड आहेत आणि शब्दसूची शेवटी आहे, तिथे एक खूण घालून ठेव.